टॅरिफमुळे चर्चेत आलेली कोळंबी आणि तिच्या सालातलं 'सोनं': हा दावा किती खरा?

२७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेनं भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लागू केलं, तेव्हा हिरे आणि कपड्यांच्या जोडीला बातम्यांमध्ये एक नाव सारखं येत होतं. कोळंबी. त्याला कारणही तसंच आहे. २०२४-२५ या एका आर्थिक वर्षात भारतानं ७ लाख ४१ हजार टन गोठवलेली कोळंबी परदेशात विकली. त्यातून ४३ हजार ३३४ कोटी रुपये आले. यातली जवळपास ३ लाख १२ हजार टन कोळंबी एकट्या अमेरिकेनं घेतली.

अँटी-डम्पिंग आणि इतर शुल्कं आधीपासून होतीच. ती धरली तर त्या वेळी एकूण भार ५८ टक्क्यांच्या आसपास गेला. आपला मुख्य स्पर्धक इक्वेडोर, त्याला मात्र १५ टक्के. हे आकडे वाटाघाटींमध्ये खाली-वर होत राहणारे आहेत. पण आंध्र प्रदेशातल्या तळेवाल्यापासून निर्यातदारापर्यंत सगळ्यांनाच तेव्हा एक प्रश्न पडला: याच कोळंबीतून आणखी पैसा कुठून काढायचा?

अशा वेळी हमखास फिरणारा एक दावा आहे. तुमच्याही फीडमध्ये तो कधीतरी आला असेल. 'कोळंबीचं साल फेकू नका, त्यात सोनं आहे. त्यापासून प्लास्टिक बनतं, औषधं बनतात, बॅटरी बनते. आणि आपण ते कचऱ्यात टाकतो.'

दावा खोटा नाही. पण अर्धवट आहे. उरलेला अर्धा समजून घ्यायचा तर आधी ते साल नेमकं कशाचं बनलेलं असतं ते बघावं लागेल. कारण साल इतकं मजबूत ज्यामुळे होतं, त्याच कारणामुळे त्यातून पैसा काढणंही अवघड होतं.

आधी एक साधी गोष्ट: साल कुणाकडे राहतं?

अख्ख्या कोळंबीच्या वजनात डोकं आणि कवच मिळून साधारण ४० ते ५० टक्के भरतं. म्हणजे किलोभर कोळंबी आणली की जवळपास अर्धा किलो कचऱ्याच्या डब्यात जाते. बाजारातून आणून सोलणाऱ्याला हे सांगायची गरज नाही.

अमेरिकेच्या ग्राहकाला सोलायची कटकट नको असते. त्याला सोललेली, मधला काळा दोरा काढलेली कोळंबी पाकिटात हवी असते. भारत अमेरिकेला मुख्यतः असाच माल पुरवतो. सोलायला हात लागतात आणि ते आपल्याकडे स्वस्त आहेत. मुंबईच्या ससून डॉकवर पहाटेपासून कोळंबी सोलत बसलेल्या बायका तुम्ही फोटोंत पाहिल्या असतील. आंध्र, केरळ, गुजरातमधल्या कारखान्यांतही हे काम बहुतेक बायकाच करतात. इक्वेडोरचा बराच माल चीनला जातो, आणि तो डोक्यासकट, सालासकट.

याचा अर्थ असा की अमेरिकेला मांस जातं आणि साल आपल्याकडे राहतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटाकडे तो परत लागणार आहे.

साल म्हणजे हाड नव्हे, शिंपलाही नव्हे

कोळंबी, चिंबोरी, शेवंड, जवळा हे सगळे कवचधारी प्राणी. यांच्या शरीरात हाडं नसतात. आधार देणारा सांगाडा बाहेरून असतो, आणि आतले स्नायू त्यालाच चिकटलेले असतात. तिसऱ्या किंवा कालवांचे शिंपले जवळपास पूर्णपणे चुनखडीचे असतात. कोळंबीचं कवच तसं नाही. ते तीन वेगवेगळ्या पदार्थांचं मिश्रण आहे.

पहिला पदार्थ कायटिन. ही एक प्रकारची साखरच आहे, म्हणजे साखरेच्या रेणूंची लांबच लांब साखळी. झाडाच्या लाकडात, कापसात जे सेल्युलोज असतं त्याचा हा सख्खा चुलतभाऊ. फरक इतकाच की कायटिनच्या प्रत्येक कडीला नायट्रोजन असलेला एक छोटा गट लटकलेला असतो. हा फरक लहान वाटतो, पण पुढची सगळी कमाई त्याच्यावरच आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी ब्राकोनो याला १८११ मध्ये हा पदार्थ सापडला, तोही कोळंबीत नाही तर अळिंबीत. १८२३ मध्ये ओदिए यानं तो कीटकांच्या कवचात ओळखला आणि ग्रीक भाषेतल्या अंगरख्याच्या शब्दावरून त्याला कायटिन हे नाव दिलं.

दुसरा पदार्थ प्रथिनं. तिसरा कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूत आणि चुनखडीत असतो तोच.

वाळवलेल्या सालात या तिघांचं प्रमाण प्राण्याप्रमाणे बदलतं. ढोबळमानानं प्रथिनं २० ते ४० टक्के, कॅल्शियम कार्बोनेट २० ते ५० टक्के आणि कायटिन १५ ते ४० टक्के. चिंबोरीच्या पाठीत चुना जास्त, म्हणून ती फोडायला वरवंटा लागतो. कोळंबीत कमी, म्हणून ती नखानं सोलता येते. आणि (जेवताना वाचत असाल तर हे वाक्य सोडून द्या) झुरळाचं कवचही याच कायटिनचं असतं, त्यात फक्त चुना नसतो.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर घरी करता येईल असा प्रयोग आहे. चिंबोरीच्या डेंग्याचा एक रिकामा तुकडा व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. बारीक बुडबुडे यायला लागतील. तो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे चुना विरघळतोय. दुसऱ्या दिवशी हातात येतो तो तोच आकार, तोच वळसा, पण लवचिक. चामड्याच्या तुकड्यासारखा. कडकपणा चुन्याचा होता आणि आकार कायटिन-प्रथिनांच्या सांगाड्याचा.

प्लायवूड, पण पिळलेलं

हे तीन पदार्थ नुसते एकत्र कालवलेले नसतात. त्यांची रचना फारच नेमकी असते.

कायटिनच्या अठरा ते पंचवीस साखळ्या एकत्र येऊन एक धागा बनतो. त्याची जाडी ३ नॅनोमीटर, म्हणजे आपल्या केसापेक्षा वीस हजारांहून जास्त पट बारीक. या धाग्याभोवती प्रथिनांचं वेष्टण असतं. असे धागे जुळून जाड तंतू होतात, तंतूंचा एक सपाट थर होतो, आणि त्या थरावर दुसरा थर बसतो. पण दुसरा थर पहिल्याशी समांतर नसतो. तो किंचित वळलेला असतो. तिसरा आणखी थोडा वळलेला. असं करत करत अर्धं वर्तुळ पूर्ण होतं आणि मग पुन्हा तेच.

सुतार प्लायवूडमध्ये एक थर उभा, एक आडवा लावतो. इथे प्रत्येक थर जरासा फिरवून लावलेला असतो. गोल जिन्याच्या पायऱ्या कशा एकेक करून वळत जातात, तसं. फ्रेंच शास्त्रज्ञ ईव्ह बूलिगां यानं ही रचना उलगडून दाखवली, म्हणून तिला त्याच्या नावानं ओळखतात. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या माक्स प्लांक संस्थेनं अमेरिकन शेवंडाच्या कवचावर केलेलं काम या विषयात प्रसिद्ध आहे.

फायदा काय? तडा नेहमी सोपा रस्ता शोधतो. तंतू एकाच दिशेनं असते तर तो त्यांच्या मधून सरळ आरपार गेला असता. इथे प्रत्येक थराला त्याला दिशा बदलावी लागते, आणि वळता वळता त्याची ताकद संपते. कवचाला ओरखडा जातो पण ते सहसा उभं चिरत नाही. शिंपला दगडावर आपटला की खळकन फुटतो. शेवंडाचं कवच आधी दबतं, मग मोडतं. मँटिस श्रिम्प नावाचा एक प्राणी आपल्या गदेसारख्या अवयवानं शिंपले फोडून खातो. त्या गदेच्या आतल्या भागातही हीच पिळलेली रचना आहे, आणि तिची नक्कल करून जास्त टणक साहित्य बनवण्याचे प्रयोग कॅलिफोर्निया विद्यापीठात झाले आहेत.

या चौकटीतल्या मोकळ्या जागांत चुना भरलेला असतो. काही स्फटिकांच्या रूपात, काही आकारहीन. बाहेरच्या भागात थर दाटीनं बसलेले असतात, आतल्या भागात जरा सैल. सगळ्यात वर मेणासारखा एक अतिपातळ थर असतो, त्यात कायटिन नसतं. आणि या सगळ्यातून वरपासून खालपर्यंत असंख्य सूक्ष्म नळ्या गेलेल्या असतात. नवं कवच तयार होताना खनिजं याच नळ्यांतून वर पोचतात.

म्हणजे कायटिन प्रथिनात गुंडाळलेलं आणि दोघांच्या फटींत चुना. तिघं एकमेकांत इतके अडकलेले की एकाला ओढून काढायचं तर उरलेल्या दोघांना मोडावंच लागतं.

अमावस्येची चिंबोरी आणि कात

बाहेरच्या सांगाड्याची एक मोठी अडचण आहे. तो वाढत नाही. प्राणी आत वाढला की कवच लहान पडतं, मग ते टाकून द्यावं लागतं. साप कात टाकतो तसं, पण प्रकरण इथे जास्त गुंतागुंतीचं आहे.

जुन्या कवचाखाली त्वचा आधी त्यापासून सुटी होते आणि नव्या कवचाचे बाहेरचे थर विणायला घेते. त्याच वेळी विकरं सोडून जुन्या कवचाचा आतला भाग विरघळवला जातो आणि त्यातला शक्य तितका माल परत शरीरात घेतला जातो. काही प्राणी कॅल्शियम साठवूनही ठेवतात. गोड्या पाण्यातल्या क्रेफिशच्या जठरात त्यासाठी चक्क चुन्याच्या गोळ्या तयार होतात. समुद्रातल्या चिंबोऱ्या मात्र बहुतेक कॅल्शियम नंतर पाण्यातूनच घेतात. मग जुनं कवच फाटतं, प्राणी मागच्या मागे बाहेर सरकतो, भराभर पाणी शोषून फुगतो आणि त्या फुगलेल्या मापावर नवं कवच कडक होऊ लागतं.

आपल्याकडे किनाऱ्यावर सांगतात की चिंबोरी अमावस्येची घ्यावी, ती भरलेली असते, पौर्णिमेची पोकळ निघते. चंद्राचा भाग बाजूला ठेवू. पण 'भरलेली' आणि 'पोकळ' हा फरक अगदी खरा आहे आणि तो कातीचा आहे. नुकतीच कात टाकलेल्या चिंबोरीनं मोठ्या मापाचा सदरा घातलेला असतो आणि आत मांसापेक्षा पाणीच जास्त असतं. शिजवल्यावर ती हलकी लागणारच. कोळीण चिंबोरी उलटी करून पोटाकडून दाबून बघते ते यासाठीच. कवच दबलं तर कात नुकतीच टाकलेली आहे.

शेतीच्या तळ्यात याच गोष्टीवर भाव ठरतो. वाढीच्या काळात कोळंबी दर काही दिवसांनी कात टाकते. काढणीच्या वेळी तळ्यातली बरीच कोळंबी नेमकी मऊ असेल तर व्यापारी भाव पाडतो. म्हणून शेतकरी पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियमच्या मात्रा सांभाळत बसतो. हरियाणा-पंजाबसारख्या, समुद्र नसलेल्या राज्यांत खाऱ्या भूजलावर कोळंबी वाढवतात. तिथे पाण्यात पोटॅशियम कमी असल्यानं ते मुद्दाम टाकावं लागतं. १९९० च्या दशकात भारतातली कोळंबी शेती ज्या रोगानं झोपवली त्याचं नावही कवचावरूनच पडलं, पांढरे डाग. हा विषाणू त्वचेचं काम बिघडवतो, त्यामुळे कवचात कॅल्शियमचे क्षार भलत्याच ठिकाणी साचतात आणि पांढरे ठिपके दिसतात. माणसाला तो होत नाही.

नवं कवच बनवायला पाण्यातून खनिजं घ्यावी लागतात म्हटल्यावर साहजिकच प्रश्न येतो, की ते पाणीच बदललं तर? हवेतला जास्तीचा कार्बन डायऑक्साइड समुद्रात विरघळतो आणि पाणी थोडं आम्लाकडे झुकतं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर डंजनेस जातीच्या खेकड्यांची मोठी मासेमारी चालते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या खेकड्यांच्या पिल्लांच्या कवचावर विरघळल्याच्या खुणा आढळल्या. प्रयोगशाळेतल्या टाकीत नव्हे, खुल्या समुद्रातून पकडलेल्या पिल्लांवर. व्हिनेगरच्या वाटीत एका रात्रीत घडतं ते तिथे अतिशय सौम्य रूपात घडतंय. मोठ्या प्राण्यांचं कवच मेणाच्या थरामुळे आणि प्रथिनांच्या वेष्टणामुळे बराच काळ टिकाव धरतं, पिल्लांची जाडीच मुळात नगण्य.

लाल का होते, काळी का पडते

थोडक्यात सांगतो, कारण हे दोन प्रश्न नेहमी विचारले जातात. कोळंबीच्या कवचात ॲस्टाझँथिन नावाचं लाल-केशरी रंगद्रव्य असतं. जिवंतपणी ते प्रथिनांना जखडलेलं असल्यामुळे त्याचा रंग निळसर-करडा दिसतो. उष्णतेनं प्रथिन उलगडलं की रंगद्रव्य मोकळं होतं आणि मूळचा लाल रंग बाहेर येतो. तो रंग नव्यानं तयार होत नाही, आधीपासून तिथेच असतो.

काळे डाग पडतात ते एका विकरामुळे. गंमत म्हणजे प्राणी जिवंत असताना कवच घट्ट करायला आणि जखमा बुजवायला याच जातीची विकरं कामी येतात. मेल्यानंतरही ते काम थांबत नाही, म्हणून डोक्याजवळ आणि सांध्यांवर काळेपणा येतो. नुसता काळा डाग म्हणजे विष नव्हे. माल पकडून बराच वेळ झालाय किंवा बर्फ कमी पडलाय, एवढं तो सांगतो.

आता सोनं काढू या

सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातले निंग यान आणि शी चेन यांनी २०१५ मध्ये 'नेचर'मध्ये एक लेख लिहिला होता. चिंबोरी, कोळंबी, शेवंड यांच्या कवचाचा जगभरातला कचरा वर्षाला ६० ते ८० लाख टन असल्याचा अंदाज त्यात होता. हा आकडा रील्समध्ये हमखास सापडतो. त्याच लेखातला दुसरा आकडा मात्र कुणी सांगत नाही. तो थोड्या वेळानं येईल.

कायटिन काढायची रूढ पद्धत अशी. साल आधी पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये टाकतात, म्हणजे चुना विरघळतो. मग ते गरम पातळ कॉस्टिक सोड्यात टाकतात, म्हणजे प्रथिनं तुटून निघून जातात. मग रंग उडवतात. उरतं ते कायटिन. पण कायटिन पाण्यात विरघळत नाही आणि सहजासहजी कशातच विरघळत नाही, त्यामुळे त्याचा थेट उपयोग कमी. म्हणून ते ४०-५० टक्के तीव्रतेच्या कॉस्टिक सोड्यात तापवतात. त्यानं नायट्रोजनला चिकटलेला ॲसिटिल गट सुटतो आणि तयार होतं कायटोसान. हे सौम्य ॲसिडमध्ये विरघळतं. ज्या औषधांच्या आणि पट्ट्यांच्या गोष्टी आपण ऐकतो, त्या बहुतेक कायटोसानच्याच असतात. प्रत्येक पायरीनंतर भरपूर धुणं आलं.

यात काय झालं बघा. चुना ॲसिडमध्ये गेला, प्रथिनं सोड्यात गेली. तीन मौल्यवान गोष्टींपैकी एक मिळवायला दोन वाया घालवल्या, आणि वर ॲसिड-अल्कलीचं सांडपाणी तयार झालं. गाठ सुटत नाही म्हणून कापून टाकायची, तसा हा प्रकार.

आता घरगुती हिशेब मांडू. किलोभर अख्ख्या कोळंबीतून साडेचारशे ग्रॅम ओला कचरा निघाला असं धरा. त्यात पाऊण भाग पाणी. कोरडं उरलं सव्वाशे ग्रॅमच्या आत. त्यातून कायटिन निघेल वीस-बावीस ग्रॅम, आणि कायटोसान पंधरा-सोळा. म्हणजे एक किलो कायटोसान हवं तर साठ-सत्तर किलो कोळंबी सोलावी लागेल. आणि 'नेचर'मधला तो दुसरा आकडा असा: एक किलो कायटोसान बनवायला एक टनाहून जास्त पाणी लागतं.

याशिवाय घाई वेगळीच. डोक्यात पचनाची विकरं असतात, ती काही तासांत आजूबाजूचं सगळं कुजवायला लागतात. ओलं साल उन्हात पडलं की कसा वास सुटतो ते किनाऱ्यावरच्या कुणालाही विचारा. चांगलं कायटिन हवं तर साल त्याच दिवशी बर्फावर ठेवावं किंवा वाळवावं लागतं. मोठ्या कारखान्यात एका जागी टनावारी साल मिळतं, तिथे हे जमतं. गावोगावच्या छोट्या शेडमधून गोळा करत फिरायचं म्हटलं तर वाहतुकीतच नफा संपतो. त्यामुळे बराचसा कचरा वाळवून, दळून कोंबड्या आणि माशांच्या खाद्यात जातो, आणि उरलेला खाडीकाठी किंवा डंपिंगवर.

मग कायटोसानचं एवढं कौतुक कशाला?

कारण ते खरंच कामाचं आहे. ॲसिटिल गट सुटल्यावर नायट्रोजनची ती जागा मोकळी होते आणि सौम्य आम्लात तिच्यावर धन भार येतो. निसर्गात मिळणाऱ्या मोठ्या रेणूंवर सहसा ऋण भार असतो किंवा भारच नसतो. धन भारवाले विरळा. गढूळ पाण्यातले कण ऋण भाराचे, ते कायटोसानला चिकटून खाली बसतात. रक्तातल्या लाल पेशींच्या पृष्ठभागावरही ऋण भार असतो, म्हणून जखमेवर कायटोसानची पट्टी दाबली की पेशी तिला चिकटून गोळा होतात आणि रक्त थांबतं. अमेरिकी सैन्यानं इराक आणि अफगाणिस्तानात अशा पट्ट्या वापरल्या. भारतातही ॲक्सिओस्टॅट नावानं अशी पट्टी बनते.

नाशिक-सांगलीकडच्या बागायतदारांना कायटोसान फवारणीच्या बाटलीतून माहीत असेल. तिथलं तर्कशास्त्र वेगळं आहे. बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असतं. त्यामुळे झाडाला कायटिनचे तुकडे जाणवले की त्याला वाटतं बुरशी आली, आणि ते आपली संरक्षण यंत्रणा जागी करतं. कोळंबीच्या सालानं वेलीला दिलेली ही खोटी धोक्याची घंटाच म्हणा ना.

गुडघेदुखीसाठी घेतात त्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्याही बऱ्याचदा याच सालापासून बनतात, कारण कायटिनची एकेक कडी तोडली की ग्लुकोसामाइनच मिळतं. घरातल्या शाकाहारी आजी ती गोळी घेत असतील तर लेबल एकदा वाचा. मक्यापासून आंबवून बनवलेलीही मिळते.

प्लास्टिक आणि बॅटरी? दोन्ही प्रयोगशाळेत झालंय. हार्वर्डच्या वीस संस्थेतल्या संशोधकांनी कायटोसान आणि रेशमातलं प्रथिन एकत्र करून 'श्रिल्क' नावाचा पदार्थ २०११ मध्ये दाखवला. मेरीलँड विद्यापीठानं २०२२ मध्ये कायटोसान वापरून जस्ताची बॅटरी केली, आणि तिचा कायटोसानवाला भाग काही महिन्यांत मातीत कुजतो. हे काम अस्सल आहे. पण श्रिल्कची बातमी येऊन इतकी वर्षं झाली आणि आपल्या बाजारात अजून साधी प्लास्टिकचीच पिशवी आहे. कच्चा माल किलोला एक टन पाणी मागत असेल तर तो पिशवीच्या भावात विकता येत नाही. जखमेच्या पट्टीच्या भावात येतो. पण पट्टीला लागणारा औषधी दर्जा म्हणजे आणखी शुद्धता आणि आणखी तपासण्या, आणि तो माल टनावारी खपत नाही.

मग टॅरिफचं काय?

किलोमागे पंधरा ग्रॅम कायटोसानातून ५० टक्के आयातशुल्काची भरपाई होईल, हा हिशेब माझ्या मते कुठूनच जुळत नाही. पैसा मांसात आहे. साल हा जोडधंदा असू शकतो, तोही मोठ्या कारखान्याच्या शेजारी. केरळ आणि गुजरातमध्ये असे कायटिन-कायटोसानचे कारखाने आहेत, आणि कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं या तंत्रावर अनेक दशकं काम केलंय. म्हणजे ज्ञानाची उणीव नाही.

टॅरिफचा खरा परिणाम वेगळ्या बाजूनं होतो, आणि त्याबद्दल मला फारसं कुणी बोलताना दिसलं नाही. अमेरिकेची दारं अरुंद झाली की निर्यातदार चीन आणि व्हिएतनामकडे वळतात. या बाजारांना आपली कोळंबी बऱ्याचदा सालासकट हवी असते. व्हिएतनाम तर ती घेऊन, प्रक्रिया करून पुढे विकतो. तसं झालं तर फक्त गिऱ्हाईक बदलत नाही. सोलण्याचं काम त्यांच्याकडे जातं आणि सालही त्यांच्याकडे जातं. ज्या बायकांची मजुरी बहुतेक ठिकाणी सोललेल्या किलोवर ठरते, त्यांचे किलो कमी होतात. आणि इथल्या कायटोसानवाल्याचा कच्चा माल दुसऱ्याच देशाच्या बंदरात उतरतो. मग 'सालात सोनं आहे' म्हणणाऱ्यांनी साल आणायचं कुठून?

दुसरीकडे गाठ न कापता सोडवण्याचे प्रयत्नही चालू आहेत. त्यातला सगळ्यात आपल्या ओळखीचा म्हणजे आंबवणं. दही लावणाऱ्या जिवाणूंचे भाऊबंद सालावर सोडायचे. ते जे आम्ल तयार करतात त्यात चुना विरघळतो, आणि सालातली तसंच जिवाणूंची विकरं प्रथिनं सोडवतात. जोरकस ॲसिड नाही, कॉस्टिक सोडा जवळपास नाही, आणि प्रथिनांचा रस खाद्यासाठी वापरता येतो. तोटा असा की दिवस लागतात आणि कायटिन तितकं शुद्ध निघत नाही. फवारणीसाठी चालेल, जखमेच्या पट्टीसाठी पुढची सफाई आलीच.

घरातल्या अर्ध्या किलो सालाचं काय करायचं?

कायटोसान घरी बनवायचे व्हिडिओ यूट्यूबवर आहेत. कृपया करू नका, उकळता कॉस्टिक सोडा डोळे घालवतो. डोकी आणि सालं धुऊन, थोड्या तेलात परतून, पाणी घालून वीस मिनिटं उकळा, गाळा आणि ते पाणी कालवणाला वापरा. चव आणि तो केशरी रंग तेलात उतरतो, कारण ॲस्टाझँथिन पाण्यात नाही, तेलात विरघळतं. गाळून उरलेलं साल कुंडीत किंवा आंब्याच्या आळ्यात चालतं. मातीतले जिवाणू कायटिन हळूहळू तोडतात, झाडाला नायट्रोजन आणि कॅल्शियम मिळतं. फक्त वीतभर खोल पुरा, नाहीतर रात्री मांजर उकरून काढतं आणि सकाळी शेजारी दारात उभे.